हात नाही, नजर बसवा!

'मला साधी सरळ रेघ मारता येत नाही!' ऑफिसात मी स्केचबुक उघडलं की हे वाक्य ऐकू येतंच. गंमत म्हणजे हे म्हणणाऱ्या कित्येकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते!

खरं सांगू? प्रॉब्लेम हाताचा नसतोच. डोळा म्हटलं की आपण बदामाचा आकार काढून मध्ये गोळा ठेवतो. समोरच्या डोळ्याकडे बघतो कोण? बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेनं १९७९ च्या आपल्या पुस्तकात यावर सॉलिड फंडा दिलाय. पिकासोनं काढलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि उलटंच उतरवायचं. मग नाक-डोळे पटकन ओळखू येत नाहीत. दिसतात फक्त रेषा आणि त्यांच्यामधली अंतरं.

लंचनंतरची दहा मिनिटं पुरेत. कागदाकडे न बघता चहाच्या कपाची कड काढा. नजर मुंगीसारखी कडेवरून चालवा, पेन्सिल तिच्याच वेगानं. दुसऱ्या दिवशी खुर्ची नको, खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढा. खोडरबर ड्रॉवरमध्ये. पानावर तारीख मात्र टाका, महिन्याभरानं फरक कळतो.

फरक फक्त कागदावर पडत नाही. परवा पेपर वाचणाऱ्या बाबांचा हात काढत होते. करंगळी थरथरत होती. रोज समोर असलेला हात, पण इतका वेळ त्याच्याकडे बघतं कोण? दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

चित्र? ठीकठाक आलं. तुमच्या टेबलावर पेन्सिल आहे ना?