चिमटीत ओळखलेलं कापड

शनिशिंगणापूरला आम्ही पहिल्यांदा गेलो ते १९९१ साली, डिसेंबरात. वडील, आई आणि कॉलेजात शिकणारा मी. घोडेगावला एस.टी.तून उतरलो आणि जीपने गाव गाठलं. तेव्हाचा रिवाज असा की, पुरुषांनी आंघोळ करून ओलेत्यानेच चौथऱ्यावर जायचं आणि शिळेला तेल वाहायचं. बायकांनी खाली थांबायचं. साहजिकच आमचे कोरडे कपडे, पिशव्या आणि चपला सांभाळायचं काम आईकडे आलं.

वडिलांनी घरून सुती पंचा आणला होता. मी मात्र तिथल्याच दुकानातून टेरिकॉटची गुळगुळीत भगवी लुंगी घेतली. आईने ती चिमटीत धरून अंगठ्याने चोळली आणि म्हणाली, "ही पाणी धरणार नाही, पण तेल सोडणार नाही."

दर्शन घेऊन खाली येईपर्यंत माझी लुंगी निम्मी वाळली होती. वडिलांचा पंचा अंगाला चिकटून निथळत होता आणि ते बिचारे कुडकुडत होते. मी मनातल्या मनात आईवर हसलो. घरी आल्यावर मात्र डाव उलटला. पंच्यावरचं तेल गरम पाण्याने आणि साबणाने गेलं. लुंगीवरचा डाग तीनदा धुऊनही जागचा हलला नाही!

आता यात जादू काहीच नाही. कापसाच्या तंतूला पाण्याची ओढ असते. नुसत्या हवेतलीसुद्धा वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल तो शोषून घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. त्यात पाणी धाग्यांच्या फटीत तेवढं अडकतं, म्हणून असं कापड झटकन वाळतं. पण पॉलिएस्टरची तेलाशी फार दोस्ती, म्हणून डाग चिवट. टेरिकॉट म्हणजे या दोघांचं लग्न, आणि त्यात बहुतेक वेळा वरचढ असतं पॉलिएस्टर.

आणखी एक गंमत पाहा. कापूस ओला झाला की अधिक मजबूत होतो, म्हणूनच धोतर दगडावर आपटलेलं सोसतं. व्हिस्कोस रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. तलम रेयॉनची साडी पिळताना म्हणूनच हात हलका ठेवावा.

पण कापडाचा स्वभाव नुसत्या तंतूवर ठरत नाही, हे मला त्याच दिवशी त्याच गावात कळलं. शिंगणापूरची घरं बिनदाराची, हे सर्वांना ठाऊक आहे. चौकट असते, कवाड नसतं. पुढे २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली, तीही कुलपावाचून. आम्ही पाणी मागायला थांबलो त्या घराच्या चौकटीत जुन्या लुगड्याचा पडदा होता. आईने बाहेरूनच "कुणी आहे का घरात?" म्हणून हाक दिली. पडद्याला हात लावला नाही.

घरच्या बाईंनी पाणी दिलं, वर गुळाचा खडाही दिला. आईची नजर पडद्यावर. "इतकं पातळ कापड, आतलं दिसत नाही का हो?" बाई हसल्या. "दिवसा नाही दिसत, ताई. रात्री दिवा लागला की दिसतं. मग हे सोडते." त्यांनी बाजूला गुंडाळलेला दुसरा जाड पडदा दाखवला.

बाईंचं म्हणणं बिनचूक होतं. दिवसा बाहेरचा उजेड पडद्यावरून परततो आणि आतला अंधार झाकला जातो. रात्री आत उजेड, बाहेर अंधार, म्हणून सगळं उलटं.

लुगड्याची वीण साधी असते. ताण्याचा एक धागा वर, एक खाली आणि त्यातून जाणारा बाणा. उभे-आडवे धागे एकमेकांना जागोजाग धरून राहतात, म्हणून पातळ असूनही कापड टिकतं आणि वारा आत येऊ देतं. तो जाड पडदा खाकी ड्रिलचा होता. त्यात बाणा एका वेळी दोन-तीन धागे ओलांडतो आणि दर ओळीत एक घर पुढे सरकतो, म्हणून तिरप्या रेघा उमटतात. धागे अधिक दाटीने बसतात, कापड जड आणि चिवट होतं. जीनही याच कुळातली. साटीनमध्ये धागा आणखी लांब उड्या मारतो. त्याने झळाळी येते, पण बांगडीत अडकून धागा ओढलाही जातो. सोलापूरच्या टर्किश टॉवेलला ताणे दोन असतात. त्यातला एक सैल सोडतात, त्याचेच फास वर येतात आणि पाणी टिपतात. बनियनमध्ये ताणाबाणा नसतोच. एका धाग्याचे फास एकमेकांत गुंतवलेले असतात, म्हणून ते ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. धनगराच्या घोंगडीची वीण साधीच, पण तंतू लोकरीचा आणि वर चिंचोक्याची खळ. लोकर भरपूर ओल पोटात घेते आणि तरीही ऊब सोडत नाही.

म्हणजे कापड घेताना दोनच प्रश्न विचारायचे. तंतू कोणता आणि गुंफण कशी? आईने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिच्या चिमटीला ते ठाऊक होतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, शिंगणापूरचा चौथरा बायकांनाही खुला झाला. वडील तोवर गेले होते. त्याच वर्षी आईला घेऊन पुन्हा गेलो. पिशवी आणि चपला घेऊन या वेळी मी खाली थांबलो. ती कठड्याला धरून हळूहळू वर गेली, तेल वाहिलं, थोडा वेळ उभी राहिली.

खाली आली तेव्हा डोळे ओले होते. मला काय बोलावं ते सुचेना. तिने पदर पुढे घेतला. त्यावर तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता.

"सुतीच नेसले ते बरं केलं," ती म्हणाली, "निघेल हा."