निवडणुकीची कीर्द आणि नदीचे पाणी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून हडपसर मागे टाकले आणि लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटाकडे वळले, म्हणजे मुळा-मुठेच्या बंधाऱ्यापाशी उभे राहता येते. हिवाळ्यात येथे चक्रवाक उतरतात, त्यांना पाहण्यासाठी पुण्याचे पक्षिप्रेमी दुर्बिणी घेऊन पहाटेच येतात. परंतु बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा पांढरा फेस, दगडांच्या सांदीत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि पाठ न सोडणारा दर्प हीच आता या स्थळाची नित्याची ओळख होऊन बसली आहे. हे पाणी मुख्यतः शहराच्या मैल्याने नासले आहे, हे आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. कारखान्यांचे सांडपाणी त्यात भर घालते. पुढे हेच पाणी थेऊरच्या चिंतामणीजवळून वाहते आणि वाटेतल्या उसालाही तेच लागते. ज्यांच्या हाती हे पाणी नासवणाऱ्याला आवर घालण्याचा अधिकार आपण मतपेटीतून सोपवतो, त्यांच्या निवडणुकीचा खर्च कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच नदीकाठच्या माणसाचा आहे.

कंपन्यांच्या राजकीय देणग्यांचा वाद आपल्याकडे फार जुना आहे. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना वर्गणी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करण्यास मुंबई उच्च न्यायालयाची अनुमती मागितली. कायद्यात मज्जाव नसल्यामुळे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या न्यायपीठाने ती दिली. परंतु देताना, अशा पैशाच्या ओघाखाली लोकशाहीच गुदमरून जाण्याचा धोका आहे, याकडे संसदेचे लक्ष वेधणे हे आपले कर्तव्य आहे, असेही बजावले. पुढे 1969 साली या देणग्यांवर बंदी आली, 1985 साली ती उठली, 2013 च्या कंपनी कायद्याने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली, 2017 साली तीही काढून टाकण्यात आली; आणि अखेर 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबर ती अमर्याद मुभाही घटनाबाह्य ठरवली. शेजारच्या गोव्यात लोहखनिज काढणाऱ्या सेसा गोवा आणि तिच्याच समूहातील स्टरलाइट या वेदांताच्या कंपन्यांनी काँग्रेस व भाजप या दोन्ही पक्षांना दिलेल्या देणग्या विदेशी मानून दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 साली बेकायदा ठरवल्या, तेव्हा संसदेने व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. मला हा प्रसंग फार उद्वेगजनक वाटतो, कारण एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष त्या निकालात एकाच बाजूला होते.

मात्र हा सारा जाबता पक्षांसाठी आहे. लोणीच्या हद्दीत ज्यांचे तेलसाठे आहेत आणि ज्यांच्या टँकरांच्या रांगा रस्त्यावर दिसतात, त्या सरकारी तेल कंपन्यांना कोणत्याही पक्षास देणगी देण्याची कायद्याने मनाई आहे. खाजगी कारखानदाराने पक्षाला 20,000 रुपयांहून अधिक दिले, तर पक्षाला ते निवडणूक आयोगाला कळवावे लागते. परंतु ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. तेथे पॅनेल असते, आणि पॅनेलला ना खजिनदार असतो ना दप्तर. खर्चाचा हिशेब एकट्या उमेदवाराकडून घेतला जातो. 2017 साली थेट सरपंचपदाची पद्धत आली तेव्हा 15 ते 17 सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला 50,000 आणि सरपंचाला 1,75,000 रुपयांची मर्यादा ठरली होती. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दाखल न करणारा पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. जीपगाड्यांचे डिझेल कोणाच्या पंपावर भरले, प्रचारातल्या जेवणावळींचे बिल कोणी भागवले, हे त्या हिशेबाच्या रकान्यांत सहसा उतरत नाही. आणि ज्याने ते भागवले, त्याला पुढे गोदामासाठी किंवा वीटभट्टीसाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हवा असला, तर नाही म्हणणे सरपंचाला जड जाते.

ऊसपट्ट्यात तर देणगी या शब्दाचाच अर्थ पालटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या 17 उद्योगांत साखर कारखाने आणि आसवन्या दोन्ही आहेत, आणि त्यांतले अनेक कारखाने सहकारी, म्हणजे सभासदांच्या मालकीचे. संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील कारखान्यांचे आकडे तपासून 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या कारखान्याचा अध्यक्ष निवडणुकीला उभा राहतो, तो कारखाना निवडणुकीच्या वर्षी उसाला एरवीपेक्षा कमी भाव देतो. आणि अध्यक्ष निवडून आला, तर पुढे त्याची काहीशी भरपाई होताना दिसते. हे कोणा एका कारखान्याविषयी नाही; लोणीचा ऊस ज्याच्या गव्हाणीत पडत असे, तो थेऊरचा यशवंत कारखाना तर दशकाहून अधिक काळ बंद आहे. परंतु आसवनीचे सांडपाणी, ज्याला शेतकरी ‘मळीचं पाणी’ म्हणतो, ते ज्याच्या विहिरीत झिरपते आणि पाणी उपसले की तांबूस निघते, तोच शेतकरी पुष्कळदा त्या कारखान्याचा सभासद असतो, आणि प्रचाराच्या मोटारी ज्या पैशावर धावतात तो त्याच्याच उसाच्या बिलातून निघालेला असतो. त्याने कोणालाही वर्गणी दिलेली नसते. पावतीही त्याच्याजवळ नसते. कारखान्याच्या वार्षिक सभेत सांडपाण्याचा विषय काढायला तो उभा राहतो तेव्हा ज्याच्याशी त्याला बोलायचे असते, तो अध्यक्ष व्यासपीठावर असतो, तोच त्याचा आमदारही असतो, आणि पुढच्या हंगामाची तोड कधी मिळायची, हेही त्याच्याच कारभाऱ्यांच्या हाती असते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. उमेदवारांचे खर्चाचे हिशेब सरकारदरबारी दाखल होतात. त्यांच्या नकला माहिती अधिकारात मागता येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला चालवण्याची जी संमती देते, तिच्यात रोज किती सांडपाणी सोडायचे आणि ते कोठे सोडायचे, हे लिहिलेले असते. तो कागदही गोपनीय नाही. येत्या प्रजासत्ताकदिनाच्या ग्रामसभेत हे दोन्ही कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याने शेजारी-शेजारी ठेवून मोठ्याने वाचून दाखवावेत, असा लेखी अर्ज लोणीच्या मतदाराने आधीच देऊन त्याची पोच घ्यावी.