आगबोटीवरील शिष्टाचार आणि पंक्तिप्रपंच

किनारा दृष्टीआड झाला की आगबोट हे एक स्वतंत्र गाव बनते. या गावातील माणसे एकमेकांना अपरिचित असतात, त्यांच्या सवयी निरनिराळ्या असतात आणि मुक्कामाचे बंदर येईपर्यंत त्यांतील कोणालाही गाव सोडून जाता येत नाही. अशा स्थितीत शेकडो लोकांना गुण्यागोविंदाने राहावयाचे तर काही नियम पाळावेच लागतात. मोठ्या प्रवासी बोटींवर हे नियम हळूहळू रूढ झाले आणि पुढे त्यांना शिष्टाचाराचे स्वरूप आले. भोजनाला कोणता पोशाख करावा, कोणत्या टेबलावर बसावे, कोणाला किती बक्षिसी द्यावी, हे सारे ठरलेले असे. या शिष्टाचारामुळे सहवास सुखाचा होई, यात शंका नाही. परंतु प्रत्येकाला त्याची पायरी दाखवून देणे, हेही त्याचे तितकेच महत्त्वाचे कार्य होते.

ही दोन्ही कार्ये नीट पाहावयाची असतील तर मुंबई आणि इंग्लंड यांच्या दरम्यान चालणाऱ्या ‘पी. अँड ओ.’ कंपनीच्या बोटींसारखे दुसरे उदाहरण नाही. या कंपनीला 1837 साली स्पेन व पोर्तुगाल या देशांकडे टपाल नेण्याचा ठेका मिळाला. 1840 मध्ये तिला राजसनद मिळाली आणि 1842 मध्ये तिची ‘हिंदोस्तान’ ही बोट हिंदुस्थानच्या टपालासाठी निघाली. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हे पूर्वेचे मोठे प्रवेशद्वार ठरले. सरकारी अधिकारी, त्यांच्या पत्नी, लष्करी अंमलदार, मळेवाले, मिशनरी आणि विलायतेला शिकावयास जाणारे हिंदी विद्यार्थी या साऱ्यांची ने-आण याच बोटींतून होई.

केवळ आनंदासाठी सागरपर्यटन ही कल्पना त्यामानाने उशिरा रुजली. 1904 मध्ये कंपनीने आपली ‘रोम’ ही जुनी बोट ‘व्हेक्टिस’ या नावाने खास सहलींसाठी सज्ज केली. 1929 मध्ये आलेली ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ तर मुंबईच्या नियमित फेऱ्यांबरोबर सहलींसाठीही वापरली जाई. बोट तीच, सेवक तेच आणि रीतही तीच. त्यामुळे पुढे निव्वळ सहलीसाठी बांधलेल्या बोटींनी हा सारा शिष्टाचार वारसा म्हणून उचलला.

टेबलाचा मान

बोटीवरील सामाजिक जीवनाचा मध्यबिंदू म्हणजे भोजनगृह. बोट सुटताच मुख्य स्टुअर्ड उतारूंची यादी घेऊन बसे आणि कोणी कोठे बसावयाचे हे ठरवी. एकदा नेमून दिलेली जागा सहसा प्रवास संपेपर्यंत बदलत नसे. यादीत हुद्दा, घराणे आणि वय यांचा विचार केलेला असे. सर्वांत मोठा मान कप्तानाच्या टेबलाचा. तेथे बसण्याचे निमंत्रण आपण होऊन मागावयाचे नसते आणि आल्यावर, आजारी असल्याखेरीज, नाकारावयाचे नसते. कप्तानाच्या पाठोपाठ इतर अधिकाऱ्यांच्या टेबलांचा क्रम लागे. धुक्यात किंवा अरुंद जलमार्गात कप्तान आपली जागा सोडू शकत नसे. अशा वेळी त्याची खुर्ची रिकामी राही आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नसे.

रात्रीच्या भोजनाला पहिल्या वर्गात विशिष्ट पोशाख आवश्यक मानला जाई. भोजनाची सूचना बिगूल किंवा घंटा वाजवून दिली जाई. मात्र प्रवासाची पहिली रात्र आणि शेवटची रात्र यांना अपवाद असे. पहिल्या रात्री सामान उघडलेले नसते आणि शेवटच्या रात्री ते बांधून झालेले असते, एवढेच त्याचे साधे कारण. तथापि ज्याला हे ठाऊक नसे तो पहिल्याच रात्री नटूनथटून येई आणि आपण नवखे आहोत हे न बोलताच जाहीर करी. सामानालाही अशीच शिस्त होती. प्रवासात लागणारे, न लागणारे आणि केबिनमध्ये ठेवावयाचे, अशा तीन प्रकारच्या चिठ्ठ्या त्यावर चिकटविल्या जात.

तांबड्या समुद्रातील उकाड्यामुळे सावलीच्या बाजूची केबिन अधिक पसंत केली जाई. पूर्वेकडे जाताना डावी बाजू आणि परतताना उजवी, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ हा शब्द तयार झाला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. परंतु तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. तरीही ही कथा इतकी वर्षे टिकली, यावरून बोटीवरील जागा आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे नाते लोकांच्या मनात किती घट्ट बसले होते, हे दिसून येते.

दिनक्रम

दिवसाचा आरंभ केबिनमध्ये येणाऱ्या चहाने होई. स्नानाची वेळ प्रत्येकाला नेमून दिलेली असे आणि ती झाली की स्नानगृहाचा सेवक बोलावण्यास येई. टबात समुद्राचे खारे पाणी ऊन करून भरलेले असे आणि अंगावरील मीठ धुण्यासाठी शेजारी गोड्या पाण्याचे एक भांडे ठेवलेले असे. गोडे पाणी ही समुद्रावर फार जपून वापरावयाची वस्तू होती. न्याहारीनंतर उतारू डेकवरील आपापल्या नावाच्या खुर्च्यांवर विसावत. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणे हा मोठा उपमर्द समजला जाई.

मधल्या वेळात दोरखंडाची कडी फेकण्यासारखे डेकवरील खेळ चालत. दुपारी बारा वाजता गेल्या चोवीस तासांत बोटीने किती मैल तोडले ते जाहीर होई आणि त्या आकड्यावर पैज लावण्याची प्रथा होती. रविवारी कप्तान स्वतः प्रार्थना चालवी. एखाद्या रात्री सोंगे घेऊन नृत्य होई, तर एखाद्या रात्री हौशी उतारूंचा जलसा होऊन त्यात नाविकांच्या अनाथ मुलांसाठी वर्गणी गोळा केली जाई. हे सारे वरवर करमणुकीचे असले तरी दीर्घ प्रवासातील कंटाळा आणि त्यातून उद्भवणारी भांडणे टाळण्याचा तो एक जाणीवपूर्वक योजलेला उपाय होता.

नवख्याची कोंडी

ज्यांच्या घरात ही रीत नव्हती त्यांचे काय होत असे? याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मोहनदास गांधी यांचे आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी ते मुंबईहून विलायतेला निघाले. त्यांनी आत्मकथेत लिहिल्याप्रमाणे त्यांना काटे-चमच्यांनी जेवता येत नव्हते आणि कोणता पदार्थ मांसविरहित आहे हे स्टुअर्डला विचारण्याचा त्यांना संकोच वाटे. परिणामी ते भोजनगृहात जाण्याचे टाळीत आणि बरोबर आणलेली मिठाई व फळे यांवर केबिनमध्येच निर्वाह करीत. येथे कोणी त्यांना जेवणावरून उठविले नव्हते, तसा कोणताही नियम नव्हता. शिष्टाचाराची भिंत अशीच असते. ती दिसत नाही, पण बाहेरच्या माणसाला तिची जाणीव लगेच होते.

पुढे 29 ऑगस्ट 1931 रोजी हेच गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने निघाले आणि 11 सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले. या खेपेस त्यांनी दुसऱ्या वर्गाने प्रवास केला, बराच काळ डेकवर काढला आणि सोबत्यांनी आणलेले अनावश्यक सामान एडनहून परत पाठविले. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ज्या रीतीपुढे ते गोंधळून गेले होते तिच्याकडे आता त्यांनी सरळ पाठ फिरविली.

पडद्यामागील हात

टेबलावरील शुभ्र चादरी, चकचकीत चांदीची भांडी आणि हाकेसरशी हजर होणारा सेवक यांमागे मोठी श्रमव्यवस्था उभी होती. कंपनीच्या पूर्वेकडील बोटींवर अधिकारी युरोपीय असत, परंतु बहुसंख्य कामगार हिंदी असत. त्यांना लास्कर म्हणत. डेकवर सारंग, तांडेल आणि त्यांच्या हाताखालील खलाशी काम करीत. मुंबईत भरती होणारे हे लोक बहुधा कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील मुसलमान असत. बॉयलरच्या भट्टीशी आगवाले आणि कोळसेवाले राबत. ते पुष्कळदा पंजाबातील किंवा, कलकत्त्यास भरती झालेले असल्यास, सिल्हेटकडील असत. झाडलोट करणाऱ्यास टोपस म्हणत. भोजनगृह, मुदपाकखाना आणि केबिन यांतील सेवा मात्र मुख्यतः गोमंतकीय ख्रिस्ती लोकांकडे असे.

गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत हे तारवटी मुंबईत धोबी तलाव, माझगाव अशा भागांत आपापल्या गावाच्या ‘कुडा’त राहत. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणीतून चालविलेले निवासस्थान. तेथे प्रत्येकाची पेटी भिंतीशी मांडलेली असे, गावाच्या संताची वेदी असे आणि सायंकाळी सर्वजण मिळून प्रार्थना करीत. साहेबाच्या टेबलावर कोणत्या बाजूने वाढावे, सूप केव्हा आणावे, थाळी केव्हा उचलावी, या गोष्टींत पारंगत असलेल्या माणसाचे स्वतःचे घर असे भिंतीशी लावलेल्या एका पेटीपुरते उरलेले असे.

मोबदल्यात मोठी तफावत होती. एकाच बोटीवर तेच काम करणाऱ्या युरोपीय खलाशाच्या वेतनाचा एक-तृतीयांश भागही लास्कराच्या पदरात पडत नसे. 1906 च्या ब्रिटिश कायद्याने प्रत्येक खलाशाच्या निवासासाठी द्यावयाची किमान जागा 72 घनफुटांवरून 120 घनफुटांवर नेली, परंतु लास्करांना या वाढीतून वगळण्यात आले. दुसरे महायुद्ध सुरू होताच, 1939 च्या अखेरीस, ब्रिटिश बंदरांतील लास्करांनी वेतनवाढीसाठी संप केले. काहींना तुरुंगात जावे लागले, पण वेतन वाढवून देणे कंपन्यांना भाग पडले.

आपल्याकडे एकाच पंगतीत बसलेल्यांना कमीजास्त वाढण्याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो मोठा दोष मानतात. बोटीवरील व्यवस्था हा एक फार सुबक पंक्तिप्रपंच होता. जेवणाऱ्यांत तो होताच, परंतु जेवणारे आणि वाढणारे यांच्यात तो सर्वांत तीव्र होता.

बक्षिसीचा प्रश्न

या व्यवस्थेतील एक नाजूक भाग म्हणजे बक्षिसी. प्रवासाच्या अखेरीस केबिनचा स्टुअर्ड, टेबलावरील वाढपी, स्नानगृहाचा सेवक आणि डेकवरील खुर्च्या सांभाळणारा यांना काही रक्कम द्यावयाची असा संकेत होता. अधिकाऱ्यांना ती कधीही देऊ नये, असा दुसरा तितकाच पक्का संकेत होता. एकास दिलेले दान समजले जाई, दुसऱ्यास दिला तर तो अपमान ठरे. उतारूच्या दृष्टीने बक्षिसी हे औदार्य होते. सेवकाच्या दृष्टीने ती अपुऱ्या वेतनाची भरपाई होती आणि ती मिळेल की नाही हे परक्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून होते.

आजची स्थिती

विमानांमुळे प्रवासी बोटींचे युग संपले. 1967 मध्ये सुएझचा कालवा बंद पडल्यावर मुंबईच्या फेऱ्यांचा आधारही गेला. परंतु त्यांची रीत सहलीच्या बोटींवर टिकून आहे. ‘क्वीन मेरी 2’ या 2004 मध्ये सेवेत आलेल्या बोटीवर काही रात्री खास पोशाखाच्या म्हणून राखलेल्या असतात आणि दुपारचा चहा पांढरे हातमोजे घातलेले सेवक देतात. उतारूने कोणत्या भोजनगृहात जेवावे हे तिच्यावर आजही केबिनच्या दर्जावरून ठरते. वर्गांची जुनी नावे गेली, वर्ग मात्र राहिले.

सेवकांत हिंदी लोक आजही मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या जोडीला फिलिपाइन्स व इंडोनेशिया येथील लोक आले आहेत. बक्षिसीऐवजी अनेक बोटींवर दररोज ठराविक सेवाशुल्क उतारूच्या हिशेबात आपोआप धरले जाते. मर्जीचा भाग त्यामुळे कमी झाला. 2006 मध्ये संमत होऊन 2013 पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने विश्रांतीची मर्यादा आखून दिली आहे. कोणत्याही चोवीस तासांत निदान 10 तास आणि सात दिवसांत निदान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. भारताने 2015 मध्ये या कराराला मान्यता दिली. या आकड्यांचा दुसरा अर्थ असा की, सात दिवसांत 91 तासांपर्यंत काम हे आजही नियमात बसू शकते.

शिष्टाचार हा मुळात दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःवर घातलेला बंध आहे. आगबोटींवर त्याची जोपासना फार काळजीपूर्वक झाली. चमचा कोणत्या हातात धरावा यापासून खुर्ची कोठे मांडावी यापर्यंत त्याचे नियम होते. परंतु ज्याने तो चमचा पुसून ठेवला आणि ती खुर्ची उचलून आणली त्याच्याशी कसे वागावे, याविषयी त्या नियमांत बक्षिसीच्या रकमेपलीकडे फारसे काही नव्हते. त्याच्या वाट्याला आलेले थोडेबहुत हक्क शिष्टाचारातून आले नाहीत. ते संपातून, संघटनेतून आणि कायद्यातून आले.