बर्गरमधली गांडुळं आणि माझी प्रश्नावली

"पेटवून बघ, प्लास्टिक आहे!" कुरकुऱ्यांबद्दल हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. पीठ आणि तेल असलेला कोरडा पदार्थ पेटणारच. खरं-खोटं करायला एवढं पुरतं. पण संशोधन करायचं असेल तर प्रश्न वेगळा आहे: ही अफवा नेमकी मोठ्या कंपनीलाच का चिकटते, आणि खुलासा झाला तरी का जात नाही?

१९७८ सालची अमेरिका घ्या. हॅम्बर्गरमध्ये गांडुळं मिसळतात, अशी आवई उठली. सुरुवातीला नाव वेंडीजचं होतं, पण थोड्याच काळात ते मॅकडोनाल्ड्सचं झालं. गोष्ट तीच, फक्त आरोपी बदलला. समाजशास्त्रज्ञ गॅरी ॲलन फाइन यांनी १९८५ च्या लेखात या सरकण्याला 'गोलायथ इफेक्ट' म्हटलं. अफवा त्या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावाकडे ओढली जाते. (गोलायथ म्हणजे बायबलमधला तो महाकाय योद्धा.)

कंपनीने खुलासे केले, तरी खप घटला. मग १९८१ मध्ये टायबाऊट, काल्डर आणि स्टर्नथल यांनी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो. टीव्ही बघायला बसवलेल्या लोकांसमोर, संशोधकांच्याच एका माणसाने सहज बोलल्यासारखी गांडुळांची अफवा सोडली. एका गटाला 'हे खोटं आहे' असं सांगितलं. काही फायदा झाला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं की एका फ्रेंच हॉटेलात गांडुळांचा चविष्ट सॉस मिळतो. तिसऱ्याला विचारलं, तुम्ही जाता ते मॅकडोनाल्ड्स कुठे आहे, आत बसायला जागा आहे का? या दोन्ही गटांचं मत सुधारलं! कारण असं की खुलासा करतानाही तुम्ही 'मॅकडोनाल्ड्स' आणि 'गांडूळ' हे शब्द पुन्हा एकत्र बांधता.

हा पेपर मी वाचला होता, गाईडसमोर मांडलाही होता. आणि तरी माझ्या पायलट प्रश्नावलीत मी एका कंपनीबद्दलच्या सहा अफवांची यादी छापली, पुढे 'ऐकलंय / नाही ऐकलं' असे रकाने. आठवड्याने एक मुलगी भेटली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या फॉर्ममधलं ते पाचवं आईला सांगितलं. तिने तो पुडा टाकूनच दिला."

तिने त्या रकान्यात 'नाही ऐकलं' अशी खूण केली होती. म्हणजे तिच्यापर्यंत अफवा पोचवणारी मीच. फॉर्मच्या शेवटी 'वरील गोष्टींना पुरावा नाही' अशी ओळ होती, पण ती किती कामाची हे वरच्या प्रयोगातच आलंय.

आता मी यादी देत नाही. 'या कंपनीबद्दल काय काय ऐकलंय?' एवढंच विचारते आणि ज्याने जी गोष्ट स्वतःहून काढली तिच्याबद्दलच पुढे बोलते. तोटा उघड आहे: निम्मे लोक "काही आठवत नाही" म्हणतात, आकडे तुटपुंजे येतात, तुलना अवघड होते. गाईड म्हणाले, मग मुलाखती वाढव. सध्या तेच चालू आहे.