नखाएवढ्या पतंगाला नाव देताना

मंडळी, कबनूर-इचलकरंजीत जे माग चालतात, त्यांच्या सुताच्या मुळाशी कापसाचं बोंड आहे आणि त्या बोंडावर टपलेला एक पतंग आहे. पंख पसरले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. मातकट रंग, नजर ठरावी असं काही नाही. त्याची अळी मात्र सगळ्यांना ठाऊक: गुलाबी, म्हणजेच शेंदरी बोंडअळी. तिच्या निमित्तानं आज आपण बघू, की नव्या जातीचं ‘वर्णन करणं’ म्हणजे नेमकं काय.

1842 साली भडोचला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, सरकारी कापूस-लागवडीत ही कीड सापडली. नमुने इंग्लंडला गेले. विल्यम विल्सन सॉन्डर्स नावाच्या गृहस्थानं त्याला नाव दिलं, डिप्रेसारिया गॉसिपिएला. गृहस्थ विम्याच्या धंद्यातला, पण नाद किड्यांचा! गॉसिपियम म्हणजे कापूस. ‘एला’ ही लिनियसनं बारक्या पतंगांना जोडलेली शेपटी. आता बोंडात अळी असते हे सांगायला शेतकऱ्याला काही लंडन लागत नाही. शास्त्रात ‘नवीन’ म्हणजे ज्याचं वर्णन अजून छापलेलं नाही ते, एवढंच.

पण या वर्णनात लिहायचं काय? रंग आणि मापं तर येतातच. अडचण अशी की बारीक पतंगांचे पंख एकमेकांसारखे, आणि जुना नमुना असला तर त्यावरचे खवलेही झडलेले. म्हणून पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, आतली जननेंद्रियं साफ करायची, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जात खरी ठरते ती बहुतेक वेळा तिथं. मग जवळच्या जातींपेक्षा ही वेगळी कशात, ते लिहायचं. आणि ज्या एका नमुन्यावर नाव बेतलं, तो संग्रहालयात जपायचा, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तो पुन्हा उघडून बघता येतो.

नाव एकदा दिलं की कायमचं, असंही नाही बरं का. 1917 मध्ये ऑगस्ट बस्क यांनी याच पतंगासाठी पेक्टिनोफोरा ही वेगळी प्रजाती केली. मिशांच्या बुडाशी कंगव्यासारखे ताठ केस असतात, त्यावरून हे नाव. पुढं ऑस्ट्रेलियात अगदी अशीच दिसणारी अळी मिळाली. ती निघाली वेगळ्या जातीची, स्क्युटिजेरा. नुसत्या गुलाबी रंगावर गेलं असतं तर दोन्ही एकाच खात्यात पडल्या असत्या.

आमच्या मते खरी मेख इथं आहे. हे काही पुस्तकी भांडण नव्हे. कामगंध सापळ्यातली ल्यूर बघा. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा गंध 1973 मध्ये ओळखला गेला. दोन रसायनं, साधारण निम्मी-निम्मी. अमेरिकन बोंडअळीची ल्यूर लावून गुलाबीचे नर येत नाहीत. पिकाला दोन्ही अळ्या ‘बोंडअळ्या’च, पण सापळ्याला त्या वेगळ्या. त्यात गुलाबी अळी लहानपणी पांढुरकी असते, गुलाबी होते ती मागाहून, आणि तोवर सरकी खाऊन मोकळी. बाहेरून बोंड निरोगी दिसतं. फुलाच्या पाकळ्या गुंफल्यासारख्या राहिल्या, डोमकळी झाली, तर मात्र समजायचं. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापसावर हिनं काय केलं ते आपण पाहिलंच. बीटीच्या विषाला ही सरावली, अमेरिकन बोंडअळी मात्र इथं बरीचशी आटोक्यात राहिली. दोघींची नावं एक धरली असती तर हे कळलंच नसतं.

असं वर्णन मराठीत लिहिलं तर चालतं का? चालतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भाषेची सक्ती नाही. नाव तेवढं रोमन लिपीत हवं. जगभर वाचल्या जाणाऱ्या भाषेत लिहा अशी शिफारस आहे, पण ती शिफारसच. नमुना कुठं ठेवला, ते मात्र सांगावंच लागतं.