फेसबुकवरील जाहिरात : आधी एक बांधी, मग शेत

लाखांदूर तालुक्यात घरोघरी धान पिकते. चिन्नोरसारख्या सुवासिक तांदळाला थेट गिऱ्हाईक हवे असेल, तर ते नागपूरसारख्या शहरात शोधावे लागते. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात करता येते. मात्र नवख्याचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

१. जाहिरात कोणत्या गावी व कोणत्या वयाच्या लोकांना दिसावी, हे आधी ठरवावे. धान पिकवणाऱ्यालाच तांदळाची जाहिरात दाखवून उपयोग नाही.

२. 'लाईक' नव्हे, तर व्हॉट्सॲपवर विचारणा येणे हा उद्देश निवडावा.

३. एकूण रक्कम व शेवटची तारीख सुरुवातीलाच घालावी.

४. फोटो आणि मजकूर एकदम बदलू नये. वाण व खत एकाच वेळी बदलले, तर फरक कशाने पडला हे कळत नाही. तसेच येथेही होते.

५. हिशेब विक्रीवर करावा. समजा, ५०० रुपये खर्चून दोघांनी प्रत्येकी ५ किलो तांदूळ घेतला. किलोमागे ५० रुपये जाहिरातीतच गेले. पिशवी व पार्सलचा खर्च वजा जाता किलोला १५ रुपये सुटत असतील, तर हा तोटाच होय. त्याच दोघांनी पुढे जाहिरातीविना आणखी २५ किलो नेला, तर खर्च निघतो.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाचा फोन नंबर वहीत लिहून ठेवावा व नवा तांदूळ निघताच त्यांना आधी कळवावे.