कोरडी वाइन आणि ताजी मासळी

दारूने कामगारांच्या संसाराची कशी धूळधाण होते, हे चाळीचाळीतून हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला कोणी सांगावयास नको. तेव्हा या व्यासपीठावरून मी वाइनविषयी का बोलतो, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. परंतु एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी हा एक प्रश्न. ती काय आहे आणि कोणाच्या श्रमातून निघाली हा दुसरा. आज मी दुसऱ्यापुरतेच बोलणार आहे.

फ्रान्सच्या पश्चिमेस ल्वार नदी अटलांटिक महासागराला मिळते. तिच्या मुखाच्या थोडे अलीकडे नान्त हे जुने बंदर आहे. त्याच्या भोवतालच्या मळ्यांत मस्कादे नावाची पांढरी वाइन होते. तिचे द्राक्ष मेलाँ जातीचे. १७०९ च्या भयंकर थंडीत तेथील वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या, आणि पुढच्या लागवडीत थंडीला टिकणारी ही जात पसरली.

मस्कादेला ‘कोरडी’ म्हणतात. पातळ पदार्थ कोरडा कसा? रस आंबतो तेव्हा यीस्टचे सूक्ष्म जीव त्यातील साखर खातात आणि तिचा मद्यार्क करतात. साखर जवळजवळ संपली की गोडी जाते. तीच कोरडी वाइन. यूरोपातील नियमाप्रमाणे लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन सर्वसाधारणपणे कोरडी समजतात. गोडी गेली तरी द्राक्षाचा आंबटपणा मात्र राहतो. पांढऱ्या वाइनमध्ये साले आधीच काढून टाकतात, म्हणून लाल वाइनचा तुरटपणा तीत नसतो. चांगली मस्कादे हिवाळाभर तळाच्या यीस्टच्या गाळावरच ठेवतात. त्यामुळे चवीला थोडा भरीवपणा येतो आणि जिभेवर किंचित चुरचुर राहते.

आता जेवणाकडे वळू. तळलेल्या बांगड्यावर आपण लिंबू पिळतो, सोलकढीत कोकम घालतो. आंबटामुळे तेलकटपणा कमी वाटतो आणि मासळीचा वास आवरतो. मस्कादे हेच काम करते. म्हणून त्या किनाऱ्यावर ती कच्च्या कालवांबरोबर, वाफवलेल्या शिंपल्यांबरोबर आणि भाजलेल्या तारलीबरोबर घेतात. नदीच्या मासळीवर लोणी, सिरका आणि छोटे कांदे यांचे पांढरे कालवण घालण्याची नान्तकडे रीत आहे. त्या लोणकट चवीलाही ही आंबट वाइन तोल देते.

लाल वाइन मासळीबरोबर का बिघडते, याचेही कारण सापडले आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी सुके शिंपले निरनिराळ्या वाइनमध्ये भिजवून पाहिले. ज्या वाइनमध्ये लोह अधिक, तिच्यात उग्र वास अधिक. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असते. म्हणजे दोष रंगाचा नव्हे, लोहाचा.

मस्कादेची जोड सगळ्यांशी जमते असे नाही. लाडू खाल्ल्यावर चहा अगोड लागतो, तशी मिठाईपुढे ही वाइन नुसती आंबट लागते. झणझणीत रश्श्याबरोबर मद्यार्काने तिखटाची आग वाढते.

शेवटी, हे मळे कोणाचे? त्या भागात एक जुनी कुळवहिवाट होती. जमीन मालकाची, वेली कुळाने लावायच्या, त्या जिवंत असेपर्यंत त्याच्या, आणि खंड म्हणून पिकाचा वाटा द्यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेली फायलॉक्सेरा ही मुळांची कीड तेथे पोहोचली आणि वेली मरू लागल्या. मालक म्हणू लागले, वेल मेली, करार संपला! पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळलेली कुळे एका किड्यामुळे उघडी पडणार होती. कुळे संघटित झाली, आणि १८९८ साली फ्रेंच संसदेने कायदा करून त्यांना पुन्हा वेली लावण्याचा हक्क दिला. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी मुळांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले.

१९३६ साली तेथील सेव्र-ए-मेन भागाच्या नावाला सरकारी संरक्षण मिळाले. जाणकार त्या नावावरून चव ओळखतात. आपण कामगारांनी त्याच्या जोडीला १८९८ चा कायदाही ध्यानात ठेवावा. कारण तो झाला नसता तर ज्यांनी वेली लावल्या, त्यांच्या हाती त्या राहिल्या नसत्या.